सासूबाईंना गाण्याला न्यायचंय! डेली सिटीच्या आसपासचे फिलिपिनो कार्यक्रम कळतात तरी कुठे?

सांजवात (डेली सिटी, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. माझा नवरा फिलिपिनो, हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहेच. (आमच्या लग्नातल्या 'पुरणपोळी विरुद्ध लेचॉन' धाग्याला दोनशेच्या वर प्रतिसाद आले होते. तो धागा कृपा करून वर काढू नका.) सासूबाई, म्हणजे आमच्या नानाय, फिलिपीन्समधल्या इलोइलोहून सहा महिन्यांसाठी आल्यात. वय ७४. गुडघे कुरकुरतात, पण फोनवर गाणं लागलं की भांडी विसळता विसळता कंबर हलते. मार्चमध्ये परत जातील. त्याआधी त्यांना एका तरी चांगल्या गाण्याच्या कार्यक्रमाला न्यायचं मनात आहे.

नवऱ्याचा काडीचा उपयोग नाही. तो मेटल ऐकतो. "ते सगळं तितांच्या ग्रुपवर येतं," म्हणाला आणि हेडफोन लावले. तिता म्हणजे मावश्या-काकू. त्या ग्रुपवर मी नाही.

डेली सिटीत दर तीन माणसांमागे एक फिलिपिनो असेल. जॉलिबी या फिलिपिनो फास्ट-फूड साखळीचं अमेरिकेतलं पहिलं दुकान १९९८ साली इथेच उघडलं. सीफूड सिटी हे फिलिपिनो किराणा दुकान घरापासून गाडीने पाच मिनिटं. म्हणजे विहिरीच्या काठावर बसून घसा कोरडा! दुकानाच्या काचेवर पोस्टर दिसतं ते गेल्या शनिवारचं. तिकिटांच्या साइटवर 'फिलिपिनो' असं टाकलं की एक स्वयंपाकाचा वर्ग आणि दोन विनोदवीर येतात, कारण तिथे कलाकाराच्या नावानेच शोधावं लागतं, आणि मला नावंच माहीत नाहीत.

तर प्रश्न तीन. कार्यक्रम वेळेत कसे कळतात? तिकीट काढताना काय बघायचं? आणि ७४ वर्षांच्या बाईंना रुचेल असं कोण गातं?

---

बोंबील_फ्राय (दुबई)

ताई, अगदी बरोबर जागी आलात. मी दुबईत चौदा वर्षं काढली, त्यातली अकरा फिलिपिनो सहकाऱ्यांच्या मधोमध बसून. पहिल्या आठवड्यात ऑफिसात सगळे एका बाईंना 'आते, आते' म्हणत होते. मला वाटलं या सगळ्यांची आत्या एकच कशी काय? मग कळलं, आते म्हणजे थोरली बहीण. थोरला भाऊ कुया. त्या आतेच माझ्या पहिल्या मैफलीच्या तिकीट खिडकी.

इथली पद्धत सांगतो. टॅग ९१.१ हे टागालोग रेडिओ स्टेशन आहे, गाडीत तेच लावून ठेवायचं. मनिलाहून कोणी येणार असेल तर तिथे आधी बोभाटा होतो, फुकट तिकिटंही वाटतात. दुसरं म्हणजे घरी पैसे पाठवण्याचे काउंटर. फिलिपिनो माणूस महिन्यातून एकदा तरी तिथे जातोच, त्यामुळे प्रायोजक तेच आणि पोस्टरही त्यांच्याच काचेवर. करामा, सतवा, देरा इकडे चक्कर मारली तर महिनाभराचे कार्यक्रम भिंतीवर वाचून होतात. ऑनलाइन तिकिटं प्लॅटिनमलिस्टवर. मोठं नाव असेल तर कोका-कोला अरेना, नाहीतर ऊद मेथाचं अल नासर लीजरलँड.

पूर्वी सगळं शुक्रवारी असायचं. २०२२ च्या जानेवारीपासून इथली सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तसं कार्यक्रमांचं वेळापत्रकही सरकलं. पण दुकानात, सलूनमध्ये, हॉटेलात काम करणाऱ्यांना शनिवार-रविवार मिळतोय कुठे? ते बिचारे रात्री अकराला ड्यूटी संपवून शेवटची चार गाणी ऐकायला येतात, आणि दारावरचे लोक त्यांना आत सोडतातही. मी स्वतः पाहिलंय.

एक ठेच मात्र सांगतो. एका आयोजकाने आमच्याकडून सहा जणांची आगाऊ रक्कम घेतली, कार्यक्रम 'पुढे ढकलला', आणि पैसे सात महिन्यांनी परत आले, तेही आतेने त्याच्या बायकोला चर्चमध्ये गाठलं म्हणून. तेव्हापासून माझा नियम: ज्याने आधी निदान दोन कार्यक्रम पार पाडलेत त्याचंच तिकीट काढायचं.

---

पाऊणशहाणा (पुणे)

मराठी संकेतस्थळावर आता फिलिपिनो गाण्यांचे धागे का? शास्त्रीय संगीताच्या धाग्याला चार प्रतिसाद येत नाहीत आणि इथे लगेच दुबई.

---

सांजवात

पाऊणशहाणा, तुमच्या त्या धाग्यावरचे चारांपैकी दोन प्रतिसाद माझे होते.

आणि परकं परकं म्हणता त्याचं ऐका. टागालोगमध्ये चेहऱ्याला मुखा म्हणतात, शिक्षकाला गुरो, आशेला आसा, बातमीला बालिता (आपली वार्ता), देवतेला दिवाता, आणि दुखा म्हणजे गरीब, हलाखीतला. पपईच्या लोणच्याला नानाय आत्सारा म्हणतात. चिकूला चिकोच. त्यांच्या प्रेमगीतात 'मुखा' आणि 'आसा' कानावर पडले की मला आपलं नाट्यगीत सुरू झाल्यासारखं वाटतं.

@बोंबील_फ्राय, धन्यवाद! आमच्याकडे रेडिओचं तसं नाही, पण पैसे पाठवण्याच्या काउंटरची कल्पना सुचलीच नव्हती. उद्याच जाते.

---

रात्रपाळी (लंडनजवळ)

मी इथे नर्स आहे. परदेशातून आलेल्या नर्सेसमध्ये आम्ही भारतीय आणि फिलिपिनो सगळ्यात जास्त, त्यामुळे वॉर्डात निम्मा डबा ॲडोबोचा आणि निम्मा सांबाराचा. आमच्याकडे कार्यक्रम कळायची जागा एकच: ड्यूटीचा तक्ता. एका शनिवारी अचानक सगळ्या फिलिपिनो पोरी रजा मागायला लागल्या की समजायचं, मनिलाहून कोणीतरी येतंय. सिस्टरने एकदा वैतागून विचारलं होतं, "कोण आहे ही बिनी?"

बिनी म्हणजे आठ मुलींचा गट. २०२१ मध्ये सुरू झाला आणि 'पांत्रोपिको'ने घराघरात गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी फिलिपीन अरेनापासून जगाचा दौरा सुरू केला, मग दुबई, लंडन, अमेरिका, कॅनडा. हे अरेना मनिलाच्या उत्तरेला बुलाकानमध्ये आहे, पंचावन्न हजार माणसं मावतात. मुलांचा गट म्हणजे एसबी१९. यांचे चाहते ट्विटरवर इतके शिस्तीचे की प्री-सेलचा कोड, रांगेची लिंक, कुठल्या खुर्चीवरून खांब मध्ये येतो, सगळं आधी सांगून ठेवतात. त्यामुळे तरुण गटांचे कार्यक्रम शोधायला काही अक्कल लागत नाही, चाहत्यांच्या एका खात्याला फॉलो केलं की झालं.

नानायना मात्र तिथे नेऊ नका हं. तीन तास उभं राहावं लागतं आणि हातातल्या दिव्यांनी डोकं भणभणतं. उन्हाळ्यात बारिओ फिएस्ता असतो तसलं काही बघा. उघडं मैदान, खुर्च्या घरून न्यायच्या, खायला पान्सित आणि लुम्पिया, आणि दुपारभर कोणी ना कोणी गात असतं.

---

घुमट (सॅन होजे, मूळ मडगाव)

सांजवात, तू ज्या गावात राहतेस त्याची संगीतातली कुळकथा तुला माहीत नाही, याचं मला जास्त दुःख आहे.

डेली सिटी आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण टोकाला, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून फिलिपिनो शाळकरी पोरांनी फिरते डीजे संच काढले. बापाच्या गॅरेजात स्पीकर, आईकडून उसने पैसे, आणि लग्न, बारसं, डेब्यू (मुलीचा अठरावा वाढदिवस), चर्चचा हॉल, जिथे बोलावतील तिथे. गणपतीतल्या आपल्या बेंजो-ब्रास मंडळींसारखीच चढाओढ. त्याच मातीतून डीजे क्यूबर्ट आणि इन्व्हिजिबल स्क्रॅच पिकल्ज निघाले, नव्वदच्या दशकात तबकडी घासण्याच्या कलेत जगाने ज्यांना गुरू मानलं ते. आणि या २०२५ च्या शरदात तुझ्याच सीफूड सिटीत रात्री डीजे बसवून मासळी आणि भाजीच्या मधल्या जागेत लोक नाचत होते, तो व्हिडिओ जगभर फिरला. पाच मिनिटांवर! तू झोपली होतीस वाटतं.

आता नानायविषयी. त्या सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा, १९६७ मध्ये, नोरा ऑनोर 'तावाग नांग तांघालान' ही गाण्याची स्पर्धा जिंकली. बिकोल प्रांतात इरिगाच्या रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी सावळी पोर. तोपर्यंत पडद्यावर गोऱ्यापान, अर्ध्या स्पॅनिश दिसणाऱ्या नट्या. देशातल्या कामवाल्या बायांनी तिला डोक्यावर घेतलं. तिचे चाहते 'नोरानियन' आणि दुसरी नटी विल्मा सांतोसचे 'विल्मानियन' यांची भांडणं म्हणजे आपल्याकडची लता-आशा, फक्त इथे घरं फुटायची. नानायना विचार, त्या कुठल्या पक्षाच्या. जपून विचार.

वाईट एवढंच की ती पिढी आता सरतेय. २०२५ च्या १२ एप्रिलला गायिका पिलिता कोरालेस गेली, चार दिवसांनी नोरा, आणि २७ मेला फ्रेडी अगिलार, ज्याचं १९७८ मधलं 'आनाक' कित्येक भाषांत गेलं. दीड महिन्यात तिघं. तुझ्या पोस्टरवर आता जे दिसतील ते गॅरी वालेन्सियानो, मार्टिन निएवेरा, रेजिन वेलास्केझ. म्हणजे नानायच्या मुलांच्या पिढीची नावं. गाणारे कसलेले आहेत, वाद नाही.

पण एक नाव ध्यानात ठेव: होसे मारी चान. १९४५ चा जन्म, तोही इलोइलोचाच! त्याचं १९९० चं नाताळगाणं सप्टेंबर लागला की फिलिपीन्समधल्या प्रत्येक दुकानात सुरू होतं. आपल्याकडे श्रावण लागायची वाट तरी बघतात.

अजून एक. तिकीट घेताना 'विथ लाइव्ह बँड' लिहिलंय का ते बघ. नसेल तर 'मायनस वन' असणार, म्हणजे गायक एकटा आणि मागे आधी भरलेला वाद्यमेळ. तिकडे असंच म्हणतात. वाईटच असतं असं नाही, पण शंभर डॉलर देऊन कराओके ऐकायचं असेल तर ते घरी फुकट आहे.

---

तिसरी_घंटा (न्यू जर्सी)

मायनस वनचं कारण सांगतो, कारण आमच्या मंडळासाठी नाटक आणताना मी हीच झळ सोसलीय.

कलाकारांना अमेरिकेत सहसा पी वर्गाचा व्हिसा लागतो, लोककला-परंपरेच्या कार्यक्रमांना त्यातला पी-३. त्या अर्जाचं शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ४६० डॉलरवरून १०१५ झालं (छोट्या आणि ना-नफा संस्थांना ५१०). शिवाय एका अर्जात जास्तीत जास्त २५ नावं. शिवाय इथल्या कामगार संघटनेचं सल्लापत्र. लवकर निकाल हवा तर त्याचे पैसे निराळे. एवढं करून मनिलाच्या किंवा मुंबईच्या खिडकीवर ढोलकीवाल्यालाच नकार मिळाला की सगळं मुसळ केरात. म्हणून आयोजक म्हणतो, गायक आणा, फार तर एक पियानोवाला, बाकी लॅपटॉप.

पोस्टरवर 'टेंटेटिव्ह' दिसलं किंवा मुख्य नावाखाली 'अँड मोअर' असं मोघम असलं की समजावं, व्हिसा अजून हातात नाही.

आणि हो, कॅसिनो. तुमच्या कॅलिफोर्नियात आशियाई गायकांचे निम्मे कार्यक्रम कॅसिनोत होतात. खुर्ची चांगली, आवाज चांगला, पार्किंग फुकट. जुगारातून वसूल होतं म्हणून तिकिटं त्या मानाने स्वस्त. बसही सोडतात. ज्येष्ठांना सोयीचं.

---

पाऊणशहाणा

तो रेडिओवाला प्रतिसाद वाचून शोधलं. १९८७ साली त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला की गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक रेडिओ केंद्राने दर तासाला निदान चार गाणी फिलिपिनो संगीतकारांचीच वाजवायची. ओपीएम म्हणतात, ओरिजिनल पिलिपिनो म्युझिक. आमच्या पुण्यात एफएमवर तासाला एक मराठी गाणं ऐकायला मिळालं तर मी पेढे वाटेन.

धाग्याला विरोध मागे घेतो. (अर्धाच.)

---

रविवारची_ट्राम (हाँगकाँग)

तुमच्याकडचं वाचून वाटलं, आमच्याकडची गंमत वेगळीच. गंमत तरी कसली म्हणा.

इथे घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका लाखांनी आहेत. कायद्याने मालकाच्याच घरात राहायचं आणि आठवड्याला एक सुट्टी, बहुतेकींची रविवारी. सेंट्रलमधला चेटर रोड त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. खोकी पसरून, सतरंज्या टाकून बायका बसतात, आणि चार पावलांवर एक गट नाचाची तालीम करतो, पलीकडे सौंदर्यस्पर्धेची. कार्यक्रम सहसा रात्री ठेवत नाहीत. दुपारी एकला सुरू, पाच-साडेपाचला शेवटचं गाणं, कारण रात्री मालकिणीच्या घरी परतायचं असतं. मी एकदा अशा दुपारी गेले होते. गायिकेने "आनाक" म्हटलं (त्याचा अर्थच मुळी लेकरू) आणि सभागृहातले फोन एकदम वर गेले. मला वाटलं व्हिडिओ काढतायत. नाही, घरी व्हिडिओ कॉल लावला होता, पोरांना ऐकवायला. माझ्या पुढच्या खुर्चीतल्या बाईच्या फोनमध्ये एक मुलगा गणवेशात भात खात होता. त्याचं गाण्याकडे लक्षच नव्हतं.

तिकिटं? ज्या बाईकडे आठ-दहा जणींच्या भिशीचे पैसे असतात, तिच्याकडेच तिकिटंही असतात. भिशीला ते पालुवागान म्हणतात.

---

उणे_तीस (विनिपेग)

सांजवात, एक साधा प्रश्न विचारते. नानाय घरात कुठली भाषा बोलतात?

इलोइलो म्हटलंस म्हणून विचारलं. तिथली बोली हिलिगायनॉन. लोकांना इलोंगो म्हणतात. टागालोग त्या शाळेत, सिनेमात आणि रेडिओवर शिकल्या असतील, आपण हिंदी शिकलो तशी. मोठ्या पोस्टरवरचे सगळे कार्यक्रम टागालोग आणि इंग्रजीत असतात. वेंगुर्ल्याच्या आजीला परदेशात 'बॉलिवुड नाइट'ला नेल्यासारखं. आजी टाळ्या वाजवेल, घरी येऊन जेवेल आणि झोपेल.

आमच्या विनिपेगमध्ये फिलिपिनो खूप, बरेचसे साठ-सत्तरच्या दशकात कपड्यांच्या कारखान्यांसाठी आणि इस्पितळांसाठी आलेले. ऑगस्टमध्ये फोकलोरामा नावाचा उत्सव असतो, त्यात फिलिपीन्सचा मंडप असतो तो सगळ्यांना दाखवायचा. पण प्रत्येक प्रांताचं, कधी कधी एकेका गावाचं, वेगळं मंडळ असतं. गावाच्या देवाची जत्रा ही मंडळं इथे हॉल भाड्याने घेऊन करतात. तिकिटं छापतही नाहीत. ते इंटरनेटवर कुठून सापडणार?

एप्रिल २०२५ मध्ये व्हँकूवरला फिलिपिनो लोकांच्या लापू-लापू दिनाच्या उत्सवात गर्दीत गाडी घुसवली आणि अकरा माणसं गेली, त्यानंतर आमच्याकडेही लोक उघड्या मैदानात आईवडिलांना न्यायला कचरत होते. मी त्या वर्षी मंडपात गेले तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी मोठे ट्रक आडवे लावलेले पाहिले. हॉलमधल्या कार्यक्रमांना गर्दी वाढलीय ती त्यामुळेही असेल.

---

सांजवात

उणे_तीस, तुमचा प्रतिसाद वाचून मी पाच मिनिटं गप्प बसले. लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा आईशी बोलतो ती भाषा आणि टीव्हीवरची भाषा वेगळी आहे हे मला माहीत होतं, पण 'घरगुती बोलणं' म्हणून मी ते सोडून दिलं होतं. मालवणीला कोणी 'हिंदीचं घरगुती बोलणं' म्हटलं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता.

पण कॅसिनोची तिकिटं काढून झालीयेत हो! तीन, प्रत्येकी ९८ डॉलर. जाऊन येतो.

---

सांजवात

आलो जाऊन. गायकाचं नाव लिहीत नाही, माणूस मनापासून गायला.

बस वेळेवर, कार्यक्रम एक तास चाळीस मिनिटं उशिरा. 'फिलिपिनो टाइम' असं म्हणून सगळे हसत होते, त्यामुळे मला मंडळाच्या गणेशोत्सवात बसल्यासारखं वाटलं. मग प्रायोजकांचा सत्कार. घरं विकणारे, विमा विकणारे, दातांचे डॉक्टर. त्यानंतर सोडत. मग गाणी. मायनस वनच होतं, घुमट, तू सांगितलंस तसं. पण माझ्या आजूबाजूची दीड हजार माणसं प्रत्येक गाणं शब्दन् शब्द, सुरात गात होती. आपल्याकडे कोणी मागून गायलं तर पुढचे वळून बघतात. इथे न गाणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, वळून बघत होते.

नानाय? छान साडी नेसल्यासारख्या नटून बसल्या होत्या, मोत्यांचे डूल वगैरे. चौथ्या गाण्याला डुलकी लागली. जाग आली ती बुफेच्या वासाने. परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "इंदाय, खूप महाग होतं ना?" इंदाय म्हणजे पोरी. बस, एवढंच.

(त्या नोरानियन निघाल्या. विल्माचं नाव काढलं तर दोन दिवस मला कोरडा भात वाढला.)

---

घुमट

९८ गुणिले ३. डोक्यात हिशेब झाला आणि गहिवरून आलं.

---

बोंबील_फ्राय

ताई, नानायनाच शोधायला लावा की. आमच्या आतेला दुबईत कुठेही सोडा, दहा मिनिटांत गाववाला पकडून आणेल.

---

सांजवात

बोंबील_फ्राय, तुमच्या तोंडात साखर पडो! जानेवारी संपत आला म्हणून उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

नाताळानंतर नानायना घेऊन सीफूड सिटीत गेले. मी तांदळाच्या रांगेत, त्या मासळीच्या काउंटरवर. आले तर बाई कोळ्याशी हसून हसून बोलतायत. इलोंगो बोलणं गाण्यासारखं हेल काढून असतं, भांडले तरी लाडात आल्यासारखे वाटतात. त्या माणसाने नुसतं "साफ करू का?" विचारलं होतं, टागालोगमध्ये. नानायनी हेलावरून ओळखलं. तो गिमारासचा निघाला, इलोइलोसमोरचं बेट, आंब्यांसाठी प्रसिद्ध. (तिथला आंबा जगात सगळ्यात गोड असं दोघांनीही मला सांगितलं. मी रत्नागिरीची. गप्प राहिले. ते वेगळ्या धाग्यावर.) त्याने एप्रनच्या खिशातून वहीचा कागद काढला. येत्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, जत्रा. पंधरा डॉलर, जेवणासकट.

मी नऊ वर्षं काचेवरची पोस्टरं वाचतेय आणि हे तिकीट मासे बांधायच्या काउंटरमागे होतं.

इलोइलोला जानेवारीच्या चौथ्या रविवारी दिनाग्यांग असतं, रस्त्यावर ढोल आणि नाच. इथे त्याची छोटी आवृत्ती. नर्स, पोस्टमन, बँकेतली मुलगी, सगळे अंगाला काळा रंग आणि डोक्याला पिसं लावून. ढोल असे की माझ्या बरगड्या थरथरल्या. नाशिक ढोल ऐकलेल्या माणसाने हे म्हणणं म्हणजे बघा. जेवण झालं आणि सहा म्हातारे रोंदाल्या घेऊन बसले. म्हणजे बांदुरिया, गिटार, असल्या तारवाद्यांचा ताफा. माईकवर कोणी नव्हतंच. ते वाजवायला लागले आणि टेबलाटेबलांवरून बायका बसल्या जागेवरून गायला लागल्या.

गाणं होतं 'दांदानसोय'. नानाय उभ्या राहिल्या. ७४ वर्षांच्या गुडघ्यांवर. नवऱ्याने, त्या मेटलवाल्याने, माझ्या कानात अर्थ सांगितला: दांदानसोय, मी तुला सोडून पायावला परत चाललेय. आठवण आलीच तर पायावच्या दिशेला बघ. पुढचं कडवं ऐकून मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. माझ्या मागून यायचं असेल तर पाणीसुद्धा बरोबर घेऊ नकोस. तहान लागली तर वाटेत विहीर खण.

जात्यावर बसवता येईल अशी ओवी आहे हो ही. आणि बाईंना सगळी कडवी पाठ. नवरा म्हणाला, त्यानेही आईला हे गाताना पहिल्यांदाच ऐकलं.

घरी येताना गाडीत त्यांनी तीन प्रश्न विचारले. पुढची जत्रा कधी, त्या बांदुरियावाल्याची बायको हयात आहे का (हा प्रश्न नवऱ्याला आवडला नाही), आणि तिकीट १५ डॉलरचं असताना आपण त्या दिवशी जुगाराच्या घरी का गेलो होतो.

सोडतीत आम्हाला पन्नास पौंडांची तांदळाची गोण लागली. नवऱ्याने खांद्यावर घेऊन गाडीत टाकली.

---

पाऊणशहाणा

तांदूळ कुठला? इंद्रायणी असेल तर मी येतो.

---

सांजवात

जास्मिन. पण मऊ भात चांगला होतो. या.

---

उणे_तीस

सांजवात, त्या बांदुरियावाल्याच्या बायकोचं काय कळलं ते मात्र सांगायचं राहिलं.